चौदा दिवसांच्या सह्या

किसन सोनकांबळे यांना कुणी ‘मेजर’ म्हटलं की ते चालू बोलणं थांबवत. आपल्याकडं फौजेतून परत आलेल्या कुणालाही गाव मेजर म्हणतं, आणि बहुतेक जण ते चालवून घेतात. फुकटची बढती कोण परत करतो? सोनकांबळे परत करत. हॉटेलात, एसटीत, आमच्या ऑफिसच्या व्हरांड्यात, कुठंही. “मेजर न्हाई. शिपाई. ड्रायव्हर,” एवढं म्हणून मगच पुढचं बोलत. समोरचा हसायचा. ते हसत नसत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लातूर जिल्हा नवा होता आणि माजी सैनिकांचं जिल्ह्याचं ऑफिस त्याहून नवं होतं. दोन खोल्या, एक टाइपरायटर, फौजेतून निवृत्त झालेले आमचे साहेब, हणमंत नावाचा शिपाई आणि नांदेडहून बदलून आलेली मी. जुन्या जिल्ह्याकडून आमच्या वाट्याच्या फायली सुतळीनं शिवलेल्या पोत्यांत आल्या. पहिले तीन महिने मी फक्त याद्या केल्या. तालुकावार, गाववार, लढाईवार, मग विधवांची वेगळी, पत्ता बदललेल्यांची वेगळी. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी पडला नव्हता. ऑफिसचा माठ भरायला हणमंतला सकाळी सहाला नळावर नंबर लावावा लागे, आणि तो रोज दहा वाजता मला कोण कुणाशी भांडलं ते सांगे.

सोनकांबळे ऑफिस उघडायच्या आधी पायरीवर बसलेले असत, एका कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट ठेवून. खाकी पँट, पांढरा सदरा, खिशाला पेन. कागद गुंडाळून त्यांवर ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून कापलेलं रबरी कडं चढवलेलं असे. काम झालं की उठत, दोन पावलं जात आणि मागं वळून जिथं बसले होते ती फरशी बघत. काही विसरलं का हे पाहत असतील, असं मला वाटायचं. एकदा विचारलं.

“तेल गळलंय का ते बघायची सवय हाय, बाई,” ते म्हणाले. “गाडी काढली की खालची जमीन बघायची. गाडी सांगत न्हाई, जमीन सांगती.”

“मग? गळलंय का मेजर?” हणमंतनं विचारलं.

“मेजर न्हाई. आन् अजून तरी न्हाई गळलं.”

रेणापूरजवळचं त्यांचं गाव. पंधरा वर्षं फौजेत गाडी चालवली होती, आता टंचाईच्या कामावर पाण्याचा टँकर चालवत. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, मुलगी उदगीरला दिलेली. घरात एकटेच. मला एवढं माहीत होतं ते माझ्या यादीमुळं. स्वतःहून त्यांनी घरचं कधी सांगितलं नाही.

ते आले होते एका पाटीसाठी. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत, लढाईत प्रत्यक्ष भाग घेतलेल्या जवानांच्या नावांची दगडी पाटी बसवायची होती आणि नावांची यादी आमच्या ऑफिसनं द्यायची होती. अट साधी होती. ज्याच्या डिस्चार्ज बुकात तशी नोंद आहे, त्याचं नाव.

“लढाईत भाग?” मी रकाना वाचला.

“घेतला. एकाहत्तरला.”

“कुठं?”

“राजस्थानच्या बाजूला. वाळूत. पाण्याची गाडी होती माझ्याकडं.”

मी त्यांचं बुक उघडलं. त्या साली फौजेत असलेल्या सगळ्यांना मिळालेलं एक मेडल लिहिलेलं होतं. आघाडीवर गेलेल्यांना मिळालेला स्टार नव्हता.

“इथं तर नोंद नाही.”

“न्हाई न. म्हणून तर आलो. ती दुरुस्त करायची हाय.”

असे अर्ज आमच्याकडं बरेच येत. कुणाची जन्मतारीख चुकलेली, कुणाच्या बायकोचं नाव राहिलेलं. मी अर्ज टाइप केला, साहेबांची सही घेतली आणि रेकॉर्ड ऑफिसला पाठवून दिला. जावक नंबर त्यांनी स्वतःच्या डायरीत उतरून घेतला आणि माझ्या रजिस्टरशी ताडून पाहिला. मला ते आवडलं. आमच्या ऑफिसात असं करणारी तोवर मी एकटीच होते.

उत्तर यायला दोन महिने लागले. दरम्यान एका विधवेच्या चौकशीसाठी मी आणि हणमंत त्यांच्याच गावी गेलो होतो, तेव्हा त्यांना कामावर पाहिलं. पारापाशी टँकर उभा, भोवती घागरी, ड्रम, पत्र्याचे डबे, आणि त्यांच्या मधोमध सोनकांबळे लॉगबुक घेऊन उभे. टँकर रिकामा झाला की गावातल्या दोघांची सही घेतल्याशिवाय ते गाडी हलवत नसत.

“पाणी द्यायला आलाव का परीक्षा घ्यायला?” एक म्हातारी घागर कमरेवर घेत म्हणाली.

“दोनीबी, मावशे. सही कर.”

“मला मेलीला कुठली सही येती!”

“आंगठा तर हाय न?”

बायका हसल्या. म्हातारीनं आंगठा दिला. गर्दी पुढं सरकायला लागली तसे ते ओरडले, “अंतर ठिवा, अंतर! पुढच्या गाडीची धूळ खाऊ नका!” रांगेला ते फौजी गाड्यांचा कॉन्व्हॉयच समजत. त्या गावात टँकरवर भांडण मात्र होत नसे, हे मी हणमंतकडूनच ऐकलं होतं.

तेवढ्यात ग्रामसेवक आला. पलीकडच्या वस्तीवरची खेप त्या दिवशी झाली नव्हती आणि वस्तीवाल्यांनी तहसीलला तक्रार केली होती.

“मेजर, वस्तीवरची खेप बी आजच्याच तारखेला लिवून टाका. पाणी उद्या द्या.”

“मेजर न्हाई. आन् उद्याचं पाणी उद्याच्या पानावर.”

“आवो, काय फरक पडायलाय? पाणी तर मिळणारच हाय त्यास्नी.”

“मग आज त्यास्नी तहान लागली न्हवती आसं लिवू का?”

ग्रामसेवक चिडला. “एवढं खरं लिवून कुठं जानार हाव? फौजेत बी आसंच खरं लिवत होताव का?”

पारावर बसलेल्यांतला एक जण म्हणाला, “फौजेत काय लिवतोय त्यो! तिकडं बी पाणीच वाहिलं, हिकडं बी पाणीच वाहायलाय. बंदूक तरी बगितली का रं कवा, किसन?”

पारावर हशा झाला. सोनकांबळ्यांनी खाली वाकून टँकरचा कॉक घट्ट केला, तो आधीच घट्ट होता, आणि लॉगबुक न मिटताच गाडीत चढले. मला वाटलं, पारावरच्या माणसाचं बोलणं लागलं. ग्रामसेवकाचं लागलं होतं, हे पुढं कळलं.

रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर चार ओळींचं होतं. रेकॉर्डप्रमाणे सदर इसम लढाईच्या संपूर्ण काळात डेपोत हजर होता. रोजच्या हजेरीपटावर तशी नोंद आहे. सबब मागणी मान्य करता येत नाही. मी ते त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी कागद मागून घेतला, स्वतः वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

“हजर,” ते म्हणाले. “आता ह्येनं ‘हजर’ म्हनला आसंल तर पटावर येणारच न.”

“कुणी?”

“व्यंकटनं.”

मग त्यांनी सांगितलं. साहेबही आतून येऊन उभे राहिले होते. मी ते इथं थोडक्यात लिहिते, कारण त्यांनीही थोडक्यातच सांगितलं.

व्यंकट कदम हा हदगावकडचा, शेतकरी घरातला. दोघं एकाच युनिटात ड्रायव्हर, एका ताटात जेवणारे. लढाई लागली तेव्हा पुढं जाणाऱ्यांची यादी निघाली. तीत व्यंकट आणि त्याची पाण्याची गाडी होती. किसन मागं डेपोत राहणाऱ्यांत होते. दुपारी कॉन्व्हॉय निघायचा, गाड्या सुरू झालेल्या, आणि व्यंकट गाडीतून उतरून लंगरच्या, म्हणजे स्वयंपाकाच्या तंबूच्या, मागं जाऊन बसला. त्याचे हात थांबेनात. स्टिअरिंग धरता येईना.

“भित्रा न्हवता बाई त्यो,” सोनकांबळे म्हणाले. “त्या दिशी त्याचे हात त्याचं ऐकत न्हवते, एवढंच. हवालदारसाब आले. बघितलं. मला म्हनले, सोनकांबळे, तू बैस. कागद मागनं बघू.”

ते बसले. पण गाडी व्यंकटच्या नावावर होती, यादीत व्यंकट होता, आणि गाडीच्या लॉगबुकावर रोज संध्याकाळी ड्रायव्हरची सही लागे. यादीतलं नाव आणि सही जुळली नाही तर हवालदार अडचणीत येणार, व्यंकट तर कोर्टमार्शललाच जाणार. म्हणून सोनकांबळ्यांनी सही केली, व्यंकट कदम. चौदा दिवस, चौदा सह्या. तिकडं डेपोत रोज सकाळी किसन सोनकांबळे असा पुकारा झाला की व्यंकट हजर म्हणत होता. लढाई थांबल्यावर तो रेशनच्या गाडीतून पुढं आला. हे उतरले, तो बसला. बदली पुरी झाली.

“आणि हवालदारसाहेब?” साहेबांनी विचारलं. “त्यांनी कागद दुरुस्त नाही केले?”

“अकराव्या दिशी गेले न ते. मीच आणलं त्यास्नी मागं, गाडीत घालून.”

बाकी ज्यांना माहीत होतं ते कुठकुठल्या प्रांतांतले. सोनकांबळ्यांनी दोन पत्रं टाकली होती, दोन्ही परत आली.

माझा यादीवर विश्वास असतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं की एखादी यादी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत खोटी असूनही तीत एकही खाडाखोड नसू शकते. आणि तीतली खोटी सही टँकरच्या प्रत्येक खेपेला दोन माणसांचे आंगठे घेणाऱ्या माणसानं केलेली असू शकते.

साहेबांनी रस्ता सांगितला. कदमांचं प्रतिज्ञापत्र आणायचं, की त्या चौदा दिवसांत मी तिथं नव्हतो, सोनकांबळे होते. जुनं लॉगबुक अजून शिल्लक असेल तर अक्षर ताडता येईल. “पण सोनकांबळे, एक लक्षात घ्या,” ते म्हणाले. “हे कागद गेले की कदमांचा स्टार परत मागतील. चौकशी लागेल. तुम्हालाही विचारतील.”

“मला इचारू द्या. मी सांगतो.” मग म्हणाले, “त्याला आधी मी इचारतो. त्यानं दिलं तर दिलं.”

यादी ऑगस्ट संपायच्या आत द्यायची होती; तोवर प्रतिज्ञापत्रासह अर्ज गेला तर साहेब त्यावर नाव घेणार होते. मी प्रतिज्ञापत्राचा मसुदा टाइप केला. माझं माहेर नांदेडचं, सुटीत जायचंच होतं. मसुद्यात काही बदल लागला तर जाग्यावर करता येईल म्हणून मी पुढं हदगावपर्यंत त्यांच्याबरोबर गेले. बसमध्ये ते खिडकीशी बसून ड्रायव्हरचे गिअर ऐकत होते. “तिसऱ्यात वढायलाय, चढ संपला की,” असं दोनदा पुटपुटले. एवढंच बोलणं.

कदमांचं घर गावाबाहेर शेतात होतं. कापूस पाऊस नसल्यानं गुडघ्यालाही आला नव्हता. व्यंकटराव अंगणात आले, सोनकांबळ्यांना पाहिलं आणि पुढं होऊन मिठी मारली. मी इतकी लांबलेली मिठी पुरुषांत क्वचित पाहिली आहे. चहा आला. कपबशा तिघांच्या एकसारख्या होत्या. मी आधी तेच पाहिलं. सोनकांबळ्यांनीही तेच पाहिलं असणार.

समोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत मेडलं होती. मधोमध स्टार. वहिनींनी मला त्याकडं बघताना पाहिलं.

“सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडा हेच लावतेत,” त्या म्हणाल्या. “पण बोलाचं नाव नाही. मास्तर म्हणतेत पोरांना सांगा, तं हे गप. शेवटी मीच सांगते.”

“राहू दे न गया,” व्यंकटराव म्हणाले.

“राहू दे काय! बाई लांबून आल्या.” त्या माझ्याकडं वळल्या. “पाण्याची गाडी होती यांच्याकडं. वरून गोळे पडून राहिले, जवान तहानलेले, आन् हे आपले गाडी घेऊन पुढं. हवालदार पडला, तं त्याला पाण्याच्या टाकीवर बांधलं आन् घेऊन आले, बाई. टाकीवर!”

सोनकांबळे कप खाली ठेवत होते. “टाकीवर न्हाई, वहिनी,” ते म्हणाले. “पुढं, शीटवर. बाजूला बसवला होता. मान पडायली म्हणून पटक्यानं मागं बांधली.”

वहिनी हसल्या. “तुम्हाला काय ठाऊक भाऊजी? तुम्ही तं डेपोत होते म्हणे!”

वहिनींनी आमच्या तिघांकडं पाहिलं. आपल्या हातून पाहुण्याचा काही अपमान झाला असं त्यांना वाटलं असावं; त्या एकदम म्हणाल्या, “मागं राहणारं बी कोणी पाहिजेच की,” आणि कप गोळा करून आत गेल्या.

व्यंकटराव उठले. आम्ही गोठ्यामागं गेलो. त्यांनी हात पुढं केला. “आण. कुठं करू सही?”

“वाच आधी.”

“काय वाचू किसन? तुझ्यापेक्षा मला जास्त पाठ हाय.”

त्यांनी खरंच वाचलं नाही. माझ्या फायलीवर कागद ठेवून सही केली. सही स्वच्छ होती, हात हलला नाही. मग त्यांनी पेन परत दिलं आणि म्हणाले, “पंधरा वर्षं झाले असतीन. मी रोज त्या चौकटीखाली जेवतो. तू लवकर यायला पाहिजे होतं.”

“मी?” सोनकांबळ्यांचा आवाज चढला. “मी यायला पाहिजे व्हतं? तुला हदगावहून लातूरची एसटी मिळत न्हवती?”

व्यंकटराव वाकून पायाशी पडलेला कडबा गोळा करायला लागले.

“वहिनीला सांगितलंस?”

“सांगतो.”

“कवा?”

“तू हे लाव. चौकशीचा कागद आला म्हंजे आपोआप—”

“आपोआप न्हाई,” सोनकांबळे म्हणाले. “कागदानं कळायचं न्हाई तिला. तुझ्या तोंडानं सांग. सांगितलंस की बाईंच्या ऑफिसला कार्ड टाक. मग लावतो. तवर ह्यो कागद माझ्याजवळ ऱ्हाईल.”

परतीच्या बसमध्ये मी त्यांना म्हटलं, सही झाली आहे, उद्याच लावू. वेळ कमी आहे. ते म्हणाले, “बाई, माझं बी आसंच झालं न. ‘कागद मागनं बघू.’ आता मी तिचं तसंच करू व्हय?”

पुढचे दिवस ते रोज ऑफिसात येत, टँकर रस्त्याच्या कडेला लावून. हणमंत लांबूनच मान हलवी. कार्ड नाही. मी माझ्या वहीत यादीच्या शेवटी एक ओळ पेन्सिलनं मोकळी ठेवली होती. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात कार्ड आलं. मजकूर दोन ओळींचा: ‘किसन, अजून सांगणे झाले नाही. तोंड उघडत नाही. तू लाव. माझी हरकत नाही.’

त्यांनी ते उभ्याउभ्या वाचलं.

“चौदा दिस मी त्याच्या नावानं जगलो,” ते म्हणाले. “आन् ह्या माणसाला एक दिस सोताच्या तोंडानं बोलता यिना.”

“हरकत नाही असं लिहिलंय त्यांनी. कायद्यानं पुरेसं आहे. मी आत्ता पाठवते.”

“न्हाई.”

“सोनकांबळे, परवा यादी जाणार.”

“जाऊ द्या.”

मला राग आला. त्यांचा, कदमांचा, पारावरच्या माणसांचा, सगळ्यांचाच. मी वही उघडली आणि ती मोकळी ओळ त्यांना दाखवली. “मग मी नाव टाकते. पाटीसाठी दोनशेच्या वर नावं जाणार आहेत. प्रत्येकाचं बुक कोण उघडून बघणार आहे? आणि नाव खोटं नाही. तुम्ही तिथं होताच.”

साहेबांसमोरही त्यांनी कधी आवाज खाली केला नव्हता. तेव्हा केला.

“बाई, हवालदारसाब बी आसंच म्हनले व्हते. तू तर जायलाच हायस न, मग सही कुणाची का आसंना. माणूस चांगला व्हता. मेला. मी सह्या केल्या आन् आज माझ्याच अक्षरात लिवलंय की मी तिथं न्हवतो. आता तुमच्या अक्षरात नको.”

“मग तुमच्या मनात आता काही नाही? माफ केलं कदमांना?”

“कुणी केलं माफ? लई राग हाय. झोपताना हाय, उठताना हाय.” त्यांनी कागद गुंडाळले. “राग हाय म्हणून तर लावंना. रागात गाडी काढायची न्हाई.”

प्रतिज्ञापत्र ते घेऊन गेले. परत हदगावला दिलं, फाडलं की तसंच ठेवलं, मी विचारलं नाही. ती ओळ मी खोडरबरानं पुसली आणि यादी वेळेत पाठवली. माझ्या हातून गेलेल्या याद्यांमध्ये ही एकच मला चुकीची म्हणून आठवते, आणि तपासणीत तिच्यात एकही त्रुटी निघाली नव्हती.

सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाच्या झेंडावंदनानंतर, पाटीचं अनावरण झालं. पुढच्या दहा रांगा यादीतल्या जवानांसाठी होत्या. खुर्च्या मांडायचं काम माझ्याकडं होतं. मंडपवाल्याला मी यादीपेक्षा एक खुर्ची जास्त सांगितली. खुर्च्यांचा हिशेब कुठं दाखल करायचा नव्हता. दुसऱ्या रांगेत कडेची ती खुर्ची हणमंतनं पिशवी ठेवून धरली.

सोनकांबळे आले. इस्त्रीचा सदरा, दाढी केलेली. मंडपाच्या मागच्या बांबूपाशी उभे राहिले, जवानांना बघायला आलेल्या बायका-म्हाताऱ्यांत. मी हातानं खुर्ची दाखवली. त्यांनी मान हलवली. दुसऱ्यांदा दाखवली, तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघणंच बंद केलं. शेवटी कुण्या पुढाऱ्याबरोबर आलेला एक गडी पिशवी खाली ठेवून तिथं बसला आणि त्यानं पाय लांब केले.

पडदा बाजूला झाला. नावं वाचली गेली, तालुकावार. सोनकांबळ्यांच्या तालुक्याची नावं सुरू झाली तेव्हा मी मागं पाहिलं नाही. टाळ्या झाल्या, भाषणं झाली, पाणी कमी असल्यामुळं चहा अर्धा-अर्धा कप मिळाला, आणि लोक पांगले.

मी पाटीखालची फुलं कुणी तुडवू नयेत म्हणून थांबले होते. मंडपवाल्याची माणसं मागच्या रांगांपासून खुर्च्या मिटत पुढं येत होती. सोनकांबळे त्यांच्या मधून पुढं आले. पहिल्या रांगेत, अगदी मधली खुर्ची त्यांनी निवडली आणि बसले. पाठ ताठ, हात मांड्यांवर. समोर पाटी होती. ती त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचली असं मला वाटलं. लांबून नक्की सांगता येत नाही. माणसं खुर्च्या मिटत त्यांच्या रांगेपर्यंत आली आणि थबकली. त्यांतला एक म्हणाला, “आजोबा, कार्यक्रम संपला.”

“हाव,” ते म्हणाले, “दोन मिन्टं,” आणि बसून राहिले.

मग उठले, ती खुर्ची स्वतः मिटली, मिटलेल्या ढिगावर सरळ करून ठेवली आणि फाटकातून बाहेर गेले.